छत्र्यांच्या दुकानातली बंदूक

माझा पासपोर्ट अडकला तो सुयांच्या डबीपायी. ओळखीच्या कुणाला हे सांगितलं की आधी ते हसतात, मग "खरं सांग" म्हणतात, आणि डबी कशाची होती ते ऐकलं की गप्प बसतात. आमच्या मंडळातल्या एका बाईंनी तर मला हळदीकुंकवातून बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या गावाकडे डाकूबिकू आहेत का हो?" "माकडं आहेत," मी म्हणाले. त्यांना तो टोमणा वाटला. मी अगदी खरं सांगत होते.

आम्ही राहतो दुबई सिलिकॉन ओएसिसला, चौदाव्या मजल्यावर. नवऱ्याचं शारजा औद्योगिक क्षेत्रात एसीचे डक्ट बनवायचं वर्कशॉप आहे आणि मी जबल अलीला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. गावी, सिंधुदुर्गात, माझे बाबा एकटे राहतात. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. घरामागे काजूची बाग, पुढे थोडं भात, आणि माजघरात खुंटीवर एकनळी बंदूक. शेतीच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली. आमच्याकडे अशी बंदूक असलेली घरं पूर्वी पुष्कळ होती. डुकरं भातात शिरली किंवा वांदर काजूवर उतरले की बाबा घरापुढच्या अंगणात, खळ्यात जाऊन आभाळात एक बार काढत. तेवढ्यानं सगळा कळप डोंगर चढून जायचा. बाबांनी त्या बंदुकीनं कधी काही मारल्याचं मला आठवत नाही, पण वांदरांना ते माहीत नव्हतं.

आई गेल्यापासून मी बाबांच्या मागे लागले होते, इकडे या म्हणून. त्यांचं उत्तर ठरलेलं. "आधी बंदुकीचा काय ता ठरवया, मगे येतंय." परवान्याची बंदूक रिकाम्या घरात ठेवता येत नाही, शेजाऱ्याच्या हातात देता येत नाही, बरोबर आणता येत नाही. म्हणजे बाबा बंदूक राखत होते आणि बंदूक बाबांना. मला ही सबबच वाटायची. फोनवर मी चिडायचे, "ते लोखंड महत्त्वाचं की मी?" बाबा म्हणायचे, "तुका खळ्यात उभा करून वांदर पळतले काय?" आणि स्वतःच हसत सुटायचे.

यंदा मात्र ते जरा नरमले. गुडघा सुजला होता, पावसाळा एकट्यानं काढणं जड गेलं होतं. "तू ये, मगे बघूया," इतपत आले. मी तेवढ्यावर त्यांचा व्हिसा काढला, रजा टाकली, आणि निघाले.

निघताना मी पर्समध्ये एक साडी, फॉल आणि सुयांची डबी टाकली. चुलतबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याची साडी होती, फॉल लावायचा राहिला होता. विमानात तीन तास नुसतं बसून मी करणार काय? आमच्यात हात रिकामे ठेवायची पद्धत नाही. डबी घरात शिवणाच्या डब्यात पडलेली असायची. लग्नानंतर संसाराचं सामान बोटीनं आलं, त्या ट्रंकेतून ती आली होती. विमानतळ तिनं तोवर पाहिलाच नव्हता.

मशीनपाशी पट्टा थांबला. पर्स मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. एका तरुण मुलीनं, गणवेशातल्या, पर्समधून डबी काढली आणि मला हसून विचारलं, "ये क्या है?"

"सुई का डिब्बा."

तिनं वरचं झाकण ओढलं. आतून सुया, दोन हुक आणि एक टिचबटण तिच्या तळहातावर पडलं. तिचं समाधान झालंसं वाटलं. मग तिनं डबी उलटी केली. बुडावर बोअरचा आकडा कोरलेला होता आणि मधोमध, जिथं बंदुकीचा घोडा आपटतो तिथं, वाटाण्याएवढा खळगा. तिचं हसू गेलं. तिनं डबी टेबलावर अगदी अलगद ठेवली आणि वायरलेसवर अरबीत काहीतरी बोलली. मला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण माझं विमान चुकलं एवढं नक्की कळलं.

डबी म्हणजे दोन रिकामी पितळी काडतुसं होती. बारा बोअरच्या काडतुसात सोळा बोअरचं उलटं घातलं की असं घट्ट बसतं की सुई पडायची नाही. गावाकडे हे कुणालाही सांगावं लागत नाही. कुणी त्यात तपकीर ठेवी, कुणी गळाचे आकडे. मी ती इतकी वर्षं सुयांची डबी म्हणून वापरत होते आणि माझ्या लेखी ती तेवढीच होती.

मला एका खोलीत बसवलं. पाणी दिलं, खजूर दिले. कुणी आवाज चढवला नाही, हे सांगायलाच हवं. समोर एक वयस्क अधिकारी आणि हिंदी बोलणारा दुभाष्या. प्रश्न साधे होते. माझी उत्तरंही खरी होती, आणि प्रत्येक खऱ्या उत्तरानिशी मी आणखी आत रुतत चालले होते.

"ये आपको किसने दिया?"

"दुकानवाले काका ने."

"बंदूक की दुकान?"

"नहीं. छाते की."

दुभाष्या थांबला. त्यानं मला पुन्हा विचारलं, छत्री म्हणजे पावसातली छत्रीच ना? मी हो म्हणाले. त्यानं ते अरबीत सांगितलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

"छाते की दुकान में बंदूक बिकती थी?"

"जी. गॅसबत्ती भी."

आता हे त्यांना कसं समजवायचं? मला ते दुकान डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं. आमच्या तालुक्याच्या बाजारात, एसटी स्टँडवरून उतरलं की तिसरं. दर्शनी भागात छतातून उलट्या टांगलेल्या काळ्या छत्र्या. खाली गॅसबत्तीचे मँटल, टॉर्च, मासे पकडायचे गळ, गळाला बांधायची तंगूस दोरी. काउंटरवर एक पेटी, वाजवायची, कारण काका पेटीही दुरुस्त करत. आणि त्यांच्या पाठीमागे काचेच्या कपाटात, साखळी ओवून, बंदुका उभ्या. कपाटाच्या वरच्या फळीवर गणपती. लोक छत्रीची काडी बदलायला यायचे आणि जाता जाता, "काडतुसां इली काय?" म्हणून विचारायचे, जसं वाण्याकडे, गूळ आला का म्हणून विचारावं.

बाबांनी बंदूक घेतली त्या दिवशी मी बरोबर होते, चौथी-पाचवीत असेन. काकांनी मला स्टुलावर बसवलं आणि हातात एक लहान मुलांची रंगीत छत्री दिली, मन रमवायला. बाबांना म्हणाले, "खांद्याला लावून बघा. दस्ता बसला पाहिजे." दुकानात खांद्याला लावून बघायला जागा कुठली! बाबा पायरीवर उभे राहिले आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलच्या पाटीवर त्यांनी नेम धरला. हॉटेलातला एक जण भजी खाता खाता दोन्ही हात वर करून ओरडला, "मारू नको रे बाबा, बिल द्यायचा हा अजून!" सगळा बाजार हसला. बाबाही हसले, पण नेम त्यांनी सोडला नाही. माझे बाबा एरवी चारचौघांत मान खाली घालून बोलणारे. त्या पायरीवर मी त्यांना पहिल्यांदा ताठ उभं राहिलेलं पाहिलं. मला ते फार आवडले होते.

कागदपत्रं होईपर्यंत वेळ गेला. मी कंटाळले तेव्हा काकांनी खणातून दोन रिकामी काडतुसं काढली, कानशीनं घासून कडा गुळगुळीत केल्या, एकात एक बसवली आणि माझ्या हातात ठेवली. "आईला दे. सुयांना." मग बंदूक छत्रीच्या जुन्या काळ्या कापडात गुंडाळली, वर सुतळी. परतीच्या एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडताना ते गाठोडं पाहिलं आणि अगदी सहज म्हणाला, "ती छत्री जरा तोंड खाली करून धरा." पुढच्या सीटवरच्या बाईनं मागे वळून बघितलं आणि पुन्हा आपल्या कोंबडीकडे लक्ष दिलं.

यातलं मी त्या खोलीत किती सांगितलं, आठवत नाही. दुभाष्यानं शेवटी विचारलं, "आपके पिताजी को बंदूक क्यों चाहिए?"

"बंदर."

"बंदर?"

"काजू खाते हैं."

ते अधिकारी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते म्हणाले की ही वस्तू प्रयोगशाळेत जाईल, अहवाल येईल, तोवर तुम्ही देश सोडू शकत नाही. माझा पासपोर्ट त्यांनी ठेवला. संध्याकाळी नवरा आला. मला घरी सोडायचं तर हमी म्हणून आणखी एक पासपोर्ट लागतो, तसा नियम आहे, म्हणून त्यानं आपला दिला. असे आम्ही दोघेही अडकलो. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "एवढ्या दुबईत तुला सुया ठेवायला प्लॅस्टिकची डबी मिळाली नाही?" मागच्या सीटवरून आमची मुलगी म्हणाली, "बट आई, टेक्निकली इट्स अ‍ॅम्युनिशन." मी सीटबेल्ट लावला.

यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते सांगणं अवघड आहे, कारण वरवर काहीच बदललं नव्हतं. मी ऑफिसला जात होते, भाजी आणत होते, मॉलमध्ये फिरू शकत होते. कुणी मला कोंडलं नव्हतं. पण जायचं नाही आणि जाता येत नाही यात काय फरक आहे, ते मला तेव्हा कळलं. एरवी वर्ष-वर्ष मी भारतात जात नसे आणि त्याचं काही वाटत नसे. आता चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना मी मध्येच थांबायचे. समोर दुसरा टॉवर, त्याच्या काचेत आमचा टॉवर, आणि त्यात कुठेतरी मी, हातात टॉवेल घेऊन. तिथं उभी राहून एकदा मनात आलं, बाबांना आणून मी बसवणार होते ते इथंच. गॅलरीतली ही खुर्ची मी त्यांच्यासाठीच घेतली होती. हा विचार मला अजिबात आवडला नाही आणि तो जाईना.

जबल अलीच्या रस्त्यावर सकाळी ट्रॅफिकमध्ये कंपन्यांच्या बस शेजारी येऊन थांबतात. खिडकीला डोकं टेकून झोपलेली माणसं, त्यांत आपल्या कोकणातलीही असतात, चेहऱ्यावरून ओळखू येतात. पूर्वी मी त्यांच्याकडे बघून हळहळायचे, बिचारे, वाटलं म्हणून घरी जाता येत नाही यांना. आता मी एसी वाढवायचे आणि समोर बघायचे.

नवऱ्याच्या कंपनीचं सरकारी कामकाज बघणारे एक मलबारी गृहस्थ आहेत. त्यांना घेऊन मी अधूनमधून चौकशीला जायचे. ते दर वेळी खिडकीवरून परत येऊन एकच सांगायचे, "मॅडम, रिपोर्ट आयेगा, इन्शाल्ला. फिर खलास." कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाबांना मी आधी थाप मारली होती, रजा रद्द झाली म्हणून. पण चुलतबहिणीकडून त्यांच्या कानावर गेलंच. त्यांनी फोन केला. मी त्या दिवशी वैतागलेली होते, दिवसभर खिडकीसमोर उभी राहून आले होते.

"तेंचा म्हणणा तरी काय?" बाबांनी विचारलं.

"म्हणणं काय असणार! विचारतात, घरात बंदूक कशाला. छत्रीच्या दुकानात बंदूक कशी मिळते. मी काय सांगू त्यांना, वांदरांची गोष्ट?"

बाबा "जेव तू," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

काही दिवसांनी शेजारच्या काकूंच्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. मी ऑफिसात होते. फोटोत तेच दुकान. छत्र्या अजून होत्या, एका कोपऱ्यात, बाकी भिंतभर मोबाइलची कव्हरं आणि चार्जर. काउंटरमागे एक अनोळखी माणूस, बहुधा काकांचा नातू. आणि काउंटरवर, रीचार्जच्या मशीनशेजारी, आमची बंदूक. शेजारी बाबा उभे, इस्त्रीच्या शर्टात, कॅमेऱ्याकडे बघत. पाठोपाठ दुसरा फोटो, बंदूक दुकानात जमा करून परवाना पोलिसांकडे परत केल्याच्या पावतीचा. आणि मग व्हॉइस मेसेज, खोकून सुरू झालेला बाबांचा आवाज:

"ह्यो कागद तेंका दाखव. आता घरात बंदूक नाय म्हणान सांग. आता सोडतीत तुका."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन मलबारी गृहस्थांना फोन केला आणि फोटो पाठवला. त्यांनी तो नीट बघितला असणार, कारण उत्तर यायला वेळ लागला. "मॅडम, ये किसी को मत दिखाना," ते म्हणाले. "इधर का केस अलग है. गन का फोटो देखेगा तो नया सवाल पूछेगा." ते बरोबरच बोलत होते. बाबांनी आपली बंदूक देऊन माझ्यासाठी जो कागद आणला, तो मला फोनमधून काढून टाकावा लागला. गावी फोन करून तेव्हाच काय ते सांगायला हवं होतं, पण मी ते पुढे ढकललं. बाबाही रोज विचारत, "दाखवलंस?" मी म्हणे, "दाखवते बाबा, साहेब नाहीत आज."

आणि मग अहवाल आला. काडतुसं रिकामी, जुनी, निरुपयोगी. प्रकरण मिटलं. डबी त्यांनी ठेवून घेतली, मीही मागितली नाही. दोन्ही पासपोर्ट हातात पडले तेव्हा नवऱ्यानं आपला उघडून फोटो बघितला, जणू बदलून तर दिला नाही ना. "यल्ला, आता तिकीट काढ," तो म्हणाला. तो दिवसभर खुशीत होता.

दुपारी घरी येताच मी काकूंच्या फोनवर बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते खळ्यात बसले होते, अजून उजेड होता.

"काय गो, सुटलंस?"

"सुटले बाबा."

"बरा झाला. बरा झाला." ते दोनदा म्हणाले आणि डोळे पुसायला त्यांनी फोन खाली केला. मला फक्त शेणानं सारवलेली जमीन दिसत होती.

मला वाटलं आता सांगून टाकावं. हे मी पोटात ठेवून त्यांच्यासमोर बसू शकणार नव्हते. "बाबा, ऐका. तुमच्या कागदामुळे नाही सुटले. तो मी कुणाला दाखवलाच नाही. त्याचा इथं काही संबंधच नव्हता. कशाला केलंत हो असं घाईघाईनं? मला एकदा विचारायचं तरी."

फोन वर आला. बाबांचा चेहरा शांत होता.

"माका ठावक होता."

"काय ठाऊक होतं?"

"पोलिसान पयल्याच दिवशी सांगल्यान माका. म्हणालो, आजोबा, ह्या कागदाचो दुबयक काय उपयोग नाय. परत घेवन जावा बंदूक. दुकानातलो काकांचो नातूपण तसाच म्हणालो. तरी तुका रोज इचारी होतंय, न जाणो लागात उपयोगाक."

"मग?"

"मग काय? तू थंय अडाकलंस नि मी हंय बंदूक उशाक घेवन निजू? माझ्या हातात आणखी काय होता, सांग."

त्यांच्या मागे, खळ्याच्या कडेला, काहीतरी हललं. मला आधी कुत्रा वाटला. मग दिसलं, एक मोठा वांदर होता, पायरीवर बसून काजूची बोंडं सोलत. त्याच्या पलीकडे आणखी दोन. बाबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, हात उगारल्यासारखा केला आणि पुन्हा खाली घेतला.

"बघतंस मा? खळ्यात येवन बसतत. माका बघून हलत पण नाय." ते हसले, पण ते हसू मला बघवलं नाही. मग म्हणाले, "तू ये आता. न्हे माका. येतंय मी."

हे वाक्य ऐकायला मी आई गेल्यापासून थांबले होते. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली, "व्हेन इज आजोबा कमिंग?" विचारत होती. नवऱ्यानं लॅपटॉपवर विमानांच्या वेळा उघडूनच ठेवल्या होत्या, माझा पासपोर्ट त्याच्या बाजूला. "उद्याचं करू?" त्यानं विचारलं. मी स्क्रीनवर बाबांकडे बघत राहिले, मला गॅलरीतली ती खुर्ची दिसत होती, आणि हो म्हणता येईना.